राखीव बचावपटूचं श्रेय त्याच्या पदरात कसं टाकावं

गोव्यात गोल मारणाऱ्याचं कौतुक करायला कुणाला शिकवावं लागत नाही. गोल झाला की मैदानाभोवती फटाके वाजतात, कुणीतरी खिशातून पाचशेची नोट काढून माइकवाल्याच्या हातात देतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं नाव मथळ्यात येतं. गोलरक्षकाने पेनल्टी अडवली तर त्यालाही पोरं खांद्यावर घेतात. नेहमीच्या स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, वाट्यालाही थोडंफार येतं. पण त्या स्टॉपरच्या जागी जो उतरतो, वीस मिनिटं किंवा एखादाच सामना खेळतो आणि परत बाकावर जाऊन बसतो, त्याच्याबद्दल काय लिहावं, काय बोलावं हे आपल्याला सुचत नाही. आणि सुचत नाही म्हणून ते राहूनच जातं.

मी पेडणे तालुक्यातला. गावोगावच्या फुटबॉल स्पर्धांचं माइकवरून समालोचन करतो आणि रात्री घरी आल्यावर मराठी पेपरांना बातमी पाठवतो. राखीव बचावपटूचं श्रेय मुद्दाम लाटलं जातंय, असं मी फारसं कधी पाहिलं नाही. त्याचं काम कुणाच्या नजरेतच भरलेलं नसतं, मग श्रेय देणार कशाचं? म्हणून कौतुकाची सुरुवात शब्दांपासून करू नका, पाहण्यापासून करा. बातमी लिहिणारे, माइक धरणारे, स्पर्धेच्या समितीत बसणारे आणि नुसते मैदानाच्या कडेला उभे राहणारे, सगळ्यांसाठी हे लिहितोय.

आधी त्याची अडचण समजून घ्या

राखीव स्ट्रायकर, म्हणजे गोल मारायला पुढे खेळणारा, उतरतो तेव्हा लोकांना आशा वाटते. राखीव बचावपटू उतरतो तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी बिघडलेलं असतं. कुणाच्या मांडीचा स्नायू ओढला गेलेला असतो, कुणाला लाल कार्ड मिळालेलं असतं, नाहीतर एका गोलची आघाडी असते आणि शेवटची दहा मिनिटं जाता जात नसतात. त्याचं अंग थंड असतं आणि सामना तापलेला असतो. समोरचा स्ट्रायकर तासभर त्याच मैदानावर पळून मोकळा झालेला असतो. शेजारच्या बचावपटूला आणि गोलरक्षकाला जुन्या जोडीदाराच्या हाकांची सवय असते, नव्याचा आवाज त्यांच्या कानांत अजून बसलेला नसतो. त्यातच प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळालेला असेल तर विचारूच नका. कॉर्नरच्या वेळी बचावपटू बदलू नये, असं जुने प्रशिक्षक सांगतात त्यात तथ्य आहे. आलेला माणूस कुणाला धरायचं हे ठरवेपर्यंत बॉल गोलतोंडाशी आलेला असतो.

विश्वचषकात बदली खेळाडूची मुभा आली ती १९७० मध्ये. त्याआधी जखमी बचावपटू लंगडत खेळायचा किंवा संघ दहा जणांवर भागवायचा. आता २०२२ पासून पाच बदल्यांचा नियम कायम झालाय. मध्यंतर सोडलं तर सामना चालू असताना तीन वेळाच खेळ थांबवून त्या करता येतात. त्यामुळे आघाडी टिकवण्यासाठी ताज्या पायांचा बचावपटू उतरवणं वाढलंय. म्हणजे हा माणूस पूर्वीपेक्षा जास्त वेळा तुमच्या डोळ्यांसमोर येणार आहे. तो आला की काय बघायचं, ते माहीत असू द्या.

पाहताना बॉल सोडा

हे सगळ्यात कठीण आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचंही. तो मैदानात आल्यावर पहिली पाच मिनिटं बॉलकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. मैदानाच्या मधल्या रेषेजवळ, जिथे माइक आणि खुर्च्या मांडलेल्या असतात, तिथून बचावफळी नीट दिसत नाही. त्याच्या गोलपोस्टच्या मागे जा. फातोर्ड्याच्या किंवा धुळेरच्या स्टेडियममध्ये सामना असेल तर गोलमागच्या बाजूला बसा. तिथून चौघं बचावपटू एका रेषेत आहेत की नाहीत, दोघांमधलं अंतर किती आहे, हे स्पष्ट कळतं. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे धावतो, म्हणून घरबसल्या यातलं निम्मंही दिसत नाही.

गेल्या मोसमातला एक सामना सांगतो. किनाऱ्याकडच्या एका गावातली आंतरग्राम स्पर्धा, उपांत्य फेरी. खेळाडूंची नावं इथे घेत नाही, आपल्या माणसाला त्याच्या जर्सीवरून सोळा नंबर म्हणूया. त्याचा संघ एका गोलने पुढे होता आणि उत्तरार्धाच्या मध्यावर नेहमीचा स्टॉपर मांडी धरून खाली बसला. सोळा नंबर आत आला. बराच वेळ त्याचा पाय बॉलला लागलाही नाही. माझ्या बाजूला उभा असलेला एक जण म्हणालासुद्धा, "हा खेळतोय की बघतोय?"

तो काय करत होता ते गोलमागून दिसत होतं. आल्या आल्या तो गोलरक्षकाकडे गेला, दोन शब्द बोलला. मग लेफ्ट बॅकच्या, म्हणजे डावीकडच्या बचावपटूच्या, दंडाला धरून त्याला दोन पावलं आत ओढलं. प्रतिस्पर्ध्यांचा नऊ नंबर तासभर एकच खेळी करत होता. बॉल उजवीकडे असला की तो स्टॉपरच्या पाठीमागे सरकायचा, जिथे स्टॉपरची नजर पोचत नाही. सोळा नंबरने उभं राहण्याची पद्धतच बदलली. छाती सरळ बॉलकडे न ठेवता तो अर्धा वळून उभा राहिला, म्हणजे एका डोळ्याला बॉल आणि दुसऱ्याला नऊ नंबर. कडेने खेळणाऱ्या विंगरने दोनदा मान वर करून क्रॉससाठी, म्हणजे बॉल गोलसमोर आत मारायला, जागा बघितली आणि दोन्ही वेळा बॉल मागे दिला. आत कुणी मोकळा नव्हताच. लोकांच्या लेखी या दोन्ही वेळा काहीच घडलं नाही. माझ्या वहीत मात्र दोन्ही वेळा खूण झाली.

पुढच्या खेपेला क्रॉस आला, तोही लांबच्या खांबावर. गोलरक्षक अर्ध्यावर अडकला. मागून कुणीतरी ओरडलं, "फाटीं पळय!" (मागे बघ!) पण सोळा नंबर आधीच तिथे पोचला होता. घाईत समोर हेड मारला असता तर बॉल थेट मागून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांच्या पायात पडला असता. त्याने मान वळवून तो बाजूच्या रेषेपलीकडे घातला आणि हात वर करून सगळ्यांना पुढे यायला सांगितलं. सामना एक-शून्यनेच संपला.

यातून काय पाहायचं ते निघतं. बॉल दुसऱ्या बाजूला असताना तो कुठे उभा आहे. स्ट्रायकरला तो बाहेरच्या बाजूला आणि कमजोर पायावर ढकलतो की नाही. बॉल दूर मारल्यावर तो तिथेच थांबतो की बचावफळीच्या रेषेसकट पुढे सरकतो. आणि त्याचा आवाज. मुका बचावपटू कितीही चपळ असला तरी शेजाऱ्याला उपयोगाचा नाही.

आपल्याकडच्या मैदानांसाठी एक गोष्ट जास्तीची. तांबड्या मातीच्या कडक मैदानावर उंचावरून आलेला बॉल टप्पा घेऊन डोक्यावरून उडतो. तो टप्प्याआधीच गाठायचा की मागे हटून घ्यायचा, हा निर्णय पहिल्या पाच मिनिटांत ज्याला जमतो तो मैदान बाकावर बसून वाचत होता असं समजा. हिरवळीवर हाच बॉल खाली राहून घसरतो आणि हिशेब बदलतो. दोन्हीकडे तितकाच भरवशाचा खेळणारा राखीव खेळाडू दिसला तर ते जरूर लिहा.

सराव करायचा असेल तर १९९८ च्या विश्वचषकाची अंतिम लढत पुन्हा काढून बघा. फ्रान्स ३, ब्राझील ०. झिदानची दोन हेडर सगळ्यांना पाठ आहेत, शेवटचा गोल पेतीचा. ब्राझीलच्या नावापुढचं शून्य मात्र कुणाच्या खात्यावर? क्रोएशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात फ्रान्सचा बचावपटू लोराँ ब्लाँ याला लाल कार्ड मिळालं आणि अंतिम सामन्यासाठी मार्सेल देसाईच्या जोडीला फ्रँक लेबफ उभा राहिला. समोर ब्राझीलचा रोनाल्डो. रोनाल्डोची तब्येत त्या दिवशी बिघडली होती हे खरं, आणि श्रेय देताना तेही सांगायला हवं. तरीसुद्धा इतक्या मोठ्या सामन्यात दुसऱ्याच्या जागी उभं राहून बचावाची वीण उसवू न देणं ही मोठी कामगिरी होती. पुढे देसाईलाही लाल कार्ड मिळालं आणि फ्रान्स दहा जणांवर आला, तरी शून्य शून्यच राहिलं. नव्वद मिनिटं नजर फक्त लेबफवर ठेवा. दुसरा कुठलाही धडा इतकं शिकवणार नाही.

वहीत काय टिपायचं

मोठ्या तक्त्याची गरज नाही. तो आला तेव्हाचं मिनिट आणि गोलसंख्या, सामना संपला तेव्हाची गोलसंख्या, त्याच्या बाजूने किती क्रॉस आत आले, त्याने किती वेळा धोका टाळला आणि कुठे. टॅकलचे आकडे बाजूला ठेवा. जो बचावपटू योग्य जागी उभा असतो त्याला जमिनीवर लोळून टॅकल करायची वेळ कमी येते, म्हणून नुसता टॅकलचा आकडा बघाल तर चांगल्यालाच कमी लेखाल.

तो कुठल्या जागांवर खेळू शकतो तेही लिहा. रिअल माद्रिदचा नाचो डावीकडे, उजवीकडे, मध्ये, जिथे भगदाड पडेल तिथे खेळायचा. रामोस, पेपे, वरान या नावाजलेल्या बचावपटूंच्या सावलीत त्याची उमेदीची वर्षं गेली. २०२४ मध्ये वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगचा चषक कर्णधार म्हणून त्यानेच उचलला. लहानपणापासून मधुमेह असलेला हा माणूस त्या एकाच क्लबमध्ये वाढला. आपल्या गावातल्या संघातही असा एखादा तीन जागांवर चालणारा असतो. तो आहे म्हणूनच प्रशिक्षकाला बाकावर एक जास्तीचा स्ट्रायकर बसवता येतो. हा फायदा कुणीतरी शब्दांत मांडायला हवा.

एका सामन्यावरून मोठे निष्कर्ष काढू नका. समोरचा संघ दमला होता का, त्यांचा मुख्य स्ट्रायकर खेळत होता का, हेही टिपा. उगाच फुगवलेलं कौतुक पहिल्या चुकीलाच फुटतं आणि त्याचा त्रास खेळाडूलाच होतो.

लिहिताना

आपल्या बातम्यांत एक ठरलेलं वाक्य असतं: "बदली खेळाडू म्हणून आलेल्या अमुकने मिळालेल्या संधीचे सोने केले." हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. त्याऐवजी तीन गोष्टी द्या. मिनिट, जागा आणि काय टळलं. सोळा नंबरबद्दल मी पाठवलेला मजकूर साधारण असा होता (पेपरच्या भाषेत):

"उत्तरार्धात नियमित स्टॉपर जखमी झाल्याने राखीव बचावपटूला पाचारण करण्यात आले. त्याने डाव्या बगलेतील मोकळी जागा बंद केली. अखेरच्या टप्प्यात गोलरक्षक जागा सोडून पुढे आला असताना लांबच्या खांबाजवळ हेडरने चेंडू बाहेर काढत त्याने बरोबरीचा गोल वाचवला."

छापलेल्या बातमीत अर्थातच नाव होतं. पस्तीसेक शब्दांत त्या पोराचं काम गावापुढे आलं. गोल करणाऱ्याचं नाव वरच राहिलं, ते राहायलाच हवं, गोल मारणं सोपं नाही. फक्त बातमी संपण्याआधी एवढी जागा राखून ठेवा. उपसंपादक जागेअभावी शेवटचा परिच्छेद कापतो, म्हणून हा मजकूर शेवटी ठेवू नका, गोलच्या वर्णनाला लागूनच घ्या. एकाने आघाडी दिली, दुसऱ्याने राखली, अशी सांगड घातली की कापणं अवघड जातं.

त्याची स्तुती करताना नेहमीच्या स्टॉपरला खाली ओढू नका. "याला आधीच का खेळवलं नाही?" हा प्रश्न बातमीत आला की दोघांच्यात वितुष्ट येतं आणि प्रशिक्षकाला राखीव खेळाडू डोईजड वाटू लागतो. गावच्या संघात हे दोघं कदाचित एकाच वाड्यावरचे असतात, एकाच मोटारसायकलवरून सरावाला येतात.

चूक झाली असेल तर तीही लिहा. २००६ च्या विश्वचषकात इटलीचा बचावपटू नेस्ता चेक प्रजासत्ताकाविरुद्धच्या साखळी सामन्यात जखमी झाला आणि मातेराझी आत आला. त्याच सामन्यात त्याने हेडरने गोल केला. अंतिम सामन्यात फ्रान्सला पेनल्टी मिळाली ती मातेराझीच्याच फाउलमुळे, आणि बरोबरीचा गोलही मातेराझीच्याच डोक्यातून आला. टायब्रेकरमध्येही त्याने आपली पेनल्टी मारली. आज कुणालाही विचारा, मातेराझी म्हटलं की झिदानने छातीवर मारलेली डोक्याची धडक तेवढी आठवते. म्हणूनच बातमी त्याच रात्री, सगळ्या तपशिलासह जायला हवी. लोकांच्या आठवणीत नंतर काय चिकटेल ते आपल्या हातात नाही.

आपल्याकडचंच बघा. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या डेंपो या गोव्याच्या क्लबने २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय लीग विजेतेपदं मिळवली. जुन्या चाहत्यांशी बोलायला लागलात तर रँटी मार्टिन्सचं नाव आधी येतं, मग बेटो, मग क्लिफर्ड मिरांडा. जाणकार असेल तर महेश गवळी आणि समीर नाईक या बचावपटूंबद्दल भरभरून बोलेल, आणि ते दोघे त्या लायकीचे आहेतच. त्यापुढे विचारा, यांच्यापैकी कुणी बाहेर असला की जागा कोण भरायचा? गप्पा तिथेच थांबतात. एवढ्या लांबच्या लीगमध्ये दुखापती आणि कार्डं टळत नाहीत, कुणीतरी ती जागा भरतच असणार. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा बॅलन डी'ऑरसारखा मानाचा पुरस्कारसुद्धा आजवर तिघाच बचावपटूंच्या वाट्याला आलाय, बेकेनबाउर, सामर आणि कानावारो. मग बाकावरच्या बचावपटूची नोंद जगाने घ्यावी अशी वाट का बघायची? ती आपणच ठेवायची.

माइकवर आणि बक्षीस समारंभात

समितीतल्या मंडळींना माझी एक विनंती आहे. "उत्कृष्ट राखीव खेळाडू" असं वेगळं बक्षीस काढू नका. हेतू चांगला असतो, पण खेळाडूला ते सांत्वनासारखं लागतं. "उत्कृष्ट बचावपटू" हे बक्षीस आहेच, ते ठरवताना राखीवांचाही विचार करा. अंतिम सामन्यातला सर्वांत चांगला बचाव त्याने केला असेल तर तेच बक्षीस त्याला द्या.

पदकं मागवताना नोंदणीची यादी बघा. मैदानात उतरलेले अकरा मोजून पदकं आणली की बाकावरची पोरं चषकाच्या फोटोत रिकाम्या गळ्याने उभी राहतात. हे फक्त खेड्यात होतं असं नाही. १९६६ मध्ये इंग्लंडने विश्वचषक जिंकला तेव्हा पदकं अंतिम सामना खेळलेल्या अकरा जणांनाच मिळाली. संघातले उरलेले अकरा जण तसेच घरी गेले. फिफाने २००७ मध्ये १९३० ते १९७४ या काळातल्या विजेत्या संघांतल्या राहिलेल्या खेळाडूंनाही पदकं द्यायचं ठरवलं आणि इंग्लंडच्या त्या खेळाडूंना ती २००९ मध्ये मिळाली. त्रेचाळीस वर्षांनी. तोवर काहींच्या घरच्यांनाच ती स्वीकारावी लागली. गावच्या समितीला हे टाळायला जास्तीच्या आठ-नऊ पदकांचा खर्च येतो.

माइक हातात असेल तर बदलीच्या वेळी दोन्ही नावं घ्या, बाहेर जाणाऱ्याचं आणि आत येणाऱ्याचं, पूर्ण नाव आणि वाड्यासकट. गोलसाठी कुणी रोख बक्षीस जाहीर करत असेल तर त्यालाच हळूच सुचवा, "भाई, शेवटची दहा मिनिटं गोल खाल्ला नाही तर बचावफळीला काही जाहीर करूया?" लोक हो म्हणतात. त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

त्याच्याशी बोलताना

सामना संपल्यावर गाड्यावर रस ऑम्लेट खाताना तो भेटतो. "मस्त खेळलास रे" म्हणून पाठीवर थाप मारणारे पुष्कळ असतात. तुम्ही एकच गोष्ट बोला, पण तुम्ही डोळ्यांनी बघितलेली. मी सोळा नंबरला एवढंच म्हटलं, "लेफ्ट बॅकला आत ओढलंस ना, तिथेच त्यांचा रस्ता बंद झाला." तो खाताखाता थांबला. म्हणाला, "सर, तुम्ही ते बघितलंत?" मग पुढची पंधरा मिनिटं तो एकटाच बोलत होता. नऊ नंबर कसा सरकतो हे त्याने बाकावर बसून हेरलं होतं, आणि आत येताना गोलरक्षकाला विचारलं होतं, लांबचा बॉल तू घेणार की मी. त्या पंधरा मिनिटांतून मला पुढच्या कितीतरी सामन्यांच्या समालोचनाला पुरेल एवढं मिळालं.

प्रशिक्षक सरांकडेही हीच पद्धत वापरा. त्याला खेळवा असं सांगू नका, तो आपला प्रांत नव्हे. काय दिसलं तेवढं सांगा. सर स्वतः टचलाइनवर असतात, मैदान ते बाजूने बघतात. गोलमागून दिसलेली गोष्ट त्यांना हवीच असते. आणि पोराचे आई-वडील मैदानावर आले असतील तर त्यांच्यासमोर बोला. संध्याकाळी दुकान बंद करून मुलाला सरावाला सोडणाऱ्या बापाला, मुलगा बाकावर बसून काय करतो, हे कुणीतरी सांगायला हवं.

पुढच्या सामन्यात नेहमीचा स्टॉपर बरा होऊन येईल आणि तो पुन्हा बाकावर जाईल. त्या दिवशी सामन्याआधी संघ व्यवस्थापकाकडून राखीव खेळाडूंची यादी मागून घ्या. नावांचं शुद्धलेखन त्यांच्याच तोंडून पडताळा, आडनाव अर्धवट ठेवू नका. माइकवरून अकरा नावं वाचून झाल्यावर राखीवांचीही वाचा. त्याचं नाव आलं की एवढं जोडा: "उपांत्य सामन्यात एका गोलची आघाडी राखली ती यांनी."